आरशातला मनू

मे महिन्याच्या उन्हात पुऱ्या बाह्यांचा ड्रेस घालून फिरणाऱ्या पोरीला आपण काय म्हणतो? ‘काय गं, काश्मीरला निघालीस का?’ आपण हसतो. तीही हसते. आणि बाही आणखी खाली ओढते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात हेच झालं. विषय होता ‘जात आणि शिक्षणसंस्था’. चार पोरं दोन तास बोलली. व्यवस्था, वर्चस्व, ज्ञानाची मक्तेदारी, सगळं आलं. ती कोपऱ्यात बसून टिपणं घेत होती. आमच्यातली सगळ्यात जास्त वाचणारी पोरगी. वर्ग संपल्यावर बॅनर सोडवायला ती खुर्चीवर चढली, हात वर गेला, बाही घसरली आणि जे दिसायचं ते दिसलं. जुन्या खुणा. त्यांच्याशेजारी नव्या. स्वतःच्या हातानं स्वतःला केलेल्या.

पहिलं वाक्य आलं ते असं : ‘असली नाटकं आपल्याला शोभत नाहीत. आपण लढणारी माणसं.’

हे वाक्य बोलणारा पोरगा या अंकाच्या संपादक मंडळात आहे. नाव लिहीत नाही. त्याला वाचवायचं म्हणून नव्हे. त्या दिवशी ते वाक्य आमच्यातल्या कुणाच्याही तोंडून आलं असतं म्हणून. हे संपादकीय त्या वाक्याची परतफेड आहे. तिला विचारून लिहितो आहोत. तिनं एकच अट घातली : ‘मला बिचारी करू नका.’

नाही करणार.

तर आधी ते ‘नाटक’ म्हणजे काय ते समजून घेऊ. स्वतःला इजा करणारी बहुतेक पोरं मरायला निघालेली नसतात. उलट, आतला कल्लोळ सहन होईना की तो थोडा वेळ तरी थांबवण्यासाठी ती हे करतात. काही वेळ थांबतोही. मग येते लाज. लाजेनं पुन्हा कल्लोळ, कल्लोळानं पुन्हा इजा. घाण्याच्या बैलासारखं फिरत राहायचं. लक्ष वेधून घ्यायला करतात म्हणे! अरे, लक्ष वेधायचं असतं तर मे महिन्यात पुऱ्या बाह्या कशाला? हे लपवण्याचं दुखणं आहे. बहुधा वयात येताना सुरू होतं, पोरींत असतं आणि पोरांतही असतं. पोरांचं दिसत नाही, कारण पोरगा भिंतीवर मूठ मारतो आणि आपण म्हणतो, ‘तापट आहे लेकाचा.’ आणि मरायचं नसलं तरी हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्याच्या बाबतीत पुढं आत्महत्येचा धोका वाढतो, हे डॉक्टर मंडळी अनेक वर्षांपासून सांगताहेत.

आता दुसरा प्रश्न. लाज आली कुठून?

ती म्हणाली, वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात खोलीतली मुलगी तिला म्हणाली, ‘तुझं आडनाव विचारायची गरजच नाही. बघूनच कळतं.’ त्याच मजल्यावर आपलीच दुसरी एक पोरगी, रंगानं उजळ. तिला ऐकवलं जायचं, ‘अय्या, तू तशी वाटत नाहीस हं!’ दोस्तांनो, ही दोन वाक्यं नीट ऐका. एक शिवी आहे, दुसरं कौतुक आहे, असं तुम्हाला वाटेल. चाबूक एकच आहे. एकीच्या पाठीवर बसतो, दुसरीच्या डोळ्यांसमोर नाचवला जातो. ‘बघूनच कळतं’वाली आरशात बघायचं सोडते. ‘वाटत नाहीस’वाली रोज आरशात बघते, आपण अजून ‘वाटत’ तर नाही ना, हे तपासायला.

शरीरावरून माणूस ओळखायची ही खोड आजची नाही. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं असायचं, हे आपल्याला पाठ आहे. पण बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. ओळख पटावी, चुकून विटाळ होऊ नये, म्हणून मनगटाला नाहीतर गळ्याला काळा दोरा बांधावा लागे. का? कारण नुसतं बघून कळत नव्हतं! कळत असतं तर दोरा कशाला बांधला असता? जातीला स्वतःचा चेहरा नाही. म्हणून तिला खूण लादावी लागते, आणि मग ती खूण म्हणजेच तुझं शरीर, असं तुला शिकवावं लागतं.

गोऱ्या साहेबानं यात भर घातली. १९०१ च्या खानेसुमारीचा मुख्य अधिकारी हर्बर्ट रिस्ले. ह्या गृहस्थानं माणसांची नाकं मोजली आणि सिद्धांत मांडला की नाक जितकं बसकं तितकी जात खालची. आपल्या पोरीला शाळेत ‘नकटी’ म्हणून हसणाऱ्या पोरांना रिस्ले माहीत नसतो, पण हसू त्याच मापाचं असतं. बाबासाहेबांनी हे माप सोडलं नाही. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मोजमापाचेच आकडे पुढं ठेवले आणि ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशाचे आहेत हे म्हणणंच खोडून काढलं. ‘जातिनिर्मूलना’तही त्यांचा सवाल तोच होता : पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एका वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया एका वंशाचे, मग जात म्हणजे वंश कसा? शत्रूची फूटपट्टी घेऊन शत्रूचाच हिशेब चुकीचा ठरवायचा, ही आपल्या बापाची रीत.

आणि रंग? रंग म्हणजे कातडीतलं मेलॅनिन. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांत जवळपास सारख्याच संख्येनं असतात. फरक असतो तो त्या रंगद्रव्य किती आणि कोणत्या प्रकारचं बनवतात यात. ते उन्हातल्या घातक किरणांपासून कातडी वाचवतं. म्हणजे काळी कातडी हा डाग नाही, छत्री आहे. आपल्या बापजाद्यांनी उन्हात राबून हा देश उभा केला आणि सावलीत बसलेल्यांनी त्यांना रंगावरून हिणवलं.

गंमत बघा. पंढरपूरचा विठोबा काळा. नाशिकचा राम इतका काळा की नावच काळाराम. त्याच्या दारात २ मार्च १९३० रोजी आपली माणसं सत्याग्रहाला उभी राहिली आणि दार बंद झालं. काळा दगड आत, काळी माणसं बाहेर! काळ्या दगडापुढं डोकं टेकवणारा हाच समाज घरी येऊन सुनेसाठी ‘गोरी, उंच, सडपातळ’ अशी जाहिरात देतो. ही जाहिरात नवी नाही. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढा. केस पिंगट असलेली नको, अंगावर लव फार असलेली नको, फार बोलणारी नको. अवयव नाजूक हवेत, दात बारीक हवेत, चाल हंसासारखी नाहीतर हत्तीसारखी हवी. आणि दहाव्या अध्यायात चांडाळानं काय घालायचं? प्रेताचे कपडे आणि लोखंडाचे दागिने. म्हणजे कुणी सुंदर दिसायचं आणि कुणी भेसूर दिसायचं, याचा कायदाच आहे हा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला आपण ते पुस्तक जाळलं. पण त्याच परिषदेत बाबासाहेब आपल्या आया-आज्यांशी काय बोलले तेही आठवा. जातीची खूण पटवणारं गुडघ्यापर्यंतचं लुगडं सोडा, अंगावरचे ते जडशीळ दागिने सोडा, इतर बायका नेसतात तसं नीट नेसा. लुगड्याची गोष्ट बाबासाहेबांना क्षुल्लक वाटली नाही. शरीरावरची लाज हा त्यांना चळवळीचा विषय वाटला. आपल्याला मात्र ती ‘पोरींची भानगड’ वाटते.

पुस्तक जाळलं. मनू मात्र पळाला आणि आरशात जाऊन बसला.

तिथं त्याला नवा धनी भेटला, बाजार. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. नोकरी हवी, नवरा हवा, तर आधी गोरी हो, हे तिनं दोन-तीन पिढ्यांना टीव्हीवरून शिकवलं. २००५ साली पुरुषांसाठी वेगळी डबी निघाली. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, जगभर काळी माणसं रस्त्यावर आली, तेव्हा कुठं इथल्या कंपनीला शरम वाटली आणि ‘फेअर’चं ‘ग्लो’ झालं. नाव बदललं, धंदा चालू. आणि ही झाली उजेडातली डबी. आपल्या वस्तीतल्या पोरी मेडिकलमधून जी ट्यूब आणतात तिच्यात पुष्कळदा स्टिरॉईड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, नको तिथं केस येतात. सोडावी तर चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावायची. २०१८ साली सरकारनं अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण काउंटरवर चिठ्ठी मागतो कोण? कंपनीचं नाव-गाव नसलेल्या काही क्रीममध्ये पारा सापडला आहे, आणि पारा मूत्रपिंडं खातो. त्यातून सुटलात तर खिशात मोबाईल आहेच. फोटो काढायच्या आधीच तो तुम्हाला दोन छटा गोरं करतो, नाक सरळ करतो. तुमची परवानगीही विचारत नाही. रिस्ले आता खिशात राहतो.

पोरांनीही हसू नये. जिममध्ये कुणीतरी ‘महिन्याभरात बॉडी’ म्हणून सांगतो आणि तुम्ही कसलीकसली पावडर पिता, इंजेक्शनं टोचून घेता. कमावलेल्या शरीराबद्दल आमची तक्रार नाही. तालमीनं आपल्याला ताठ मानेनं चालायला शिकवलं. पण आपण किरकोळ दिसतो म्हणून रात्र-रात्र झोप न लागणारा पोरगा आणि बाही ओढणारी पोरगी एकाच वर्गात बसतात. फक्त तो हे सांगू शकत नाही. कारण वाघ रडत नाही, असं आपणच त्याला सांगून ठेवलंय.

आता घरचं बोलू. कारण मनूला शिव्या देऊन हे पान भरलं असतं तर लिहायची गरज नव्हती.

१९६६ साली अमेरिकेत ओकलंडला काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर काढली. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी तिथून नाव घेतलं आणि इथली झोप उडवली. त्याच काळात तिथल्या काळ्या माणसांनी आणखी एक घोषणा दिली होती : काळं तेच सुंदर. केस सरळ करणं सोडून दिलं, कुरळे तसेच वाढवले, आणि आरशासमोर उभं राहून सांगितलं की हा चेहरा आमचा आहे. त्यांनी हे उगाच केलं नाही. तिथं केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या नवरा-बायकोनं लहानग्या काळ्या पोरांपुढं गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून पाहिल्या होत्या. बहुतेक पोरांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. त्यांचं हे काम १९५४ साली शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या खटल्यात पुढं आलं. आपण पँथर आणला. ती दुसरी घोषणा बोटीवरून उतरलीच नाही.

साहित्यात आपण सगळं उलथवलं. सत्यम्-शिवम्-सुंदरम् हे थोतांड आहे म्हणालो. शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ साली आलं, त्यावर आपण चर्चासत्रं झोडली. आणि चर्चासत्रातून घरी येऊन काय केलं? ‘स्थळ बरंय, पण मुलगी जरा सावळी आहे.’ कोण म्हणालं हे? सदाशिव पेठेतला कुणी नाही. निळा झेंडा खांद्यावर घेणारा आपला भाऊ. आपल्या वधू-वर मेळाव्यांचे फॉर्म काढून बघा. रंगाचा रकाना आहे की नाही? ‘गोरा, निमगोरा, गव्हाळ’, आणि काळ्याला तिथं शब्दच नाही. मोर्च्यात पुढं चालणाऱ्या पोरीला ‘काळी मैना’ म्हणणारा आपलाच. जाड्या कार्यकर्त्याला ‘ढोल’ म्हणणारेही आपणच. पांढरपेशांचं सौंदर्यशास्त्र आपण कागदावर फाडलं. आरशातलं तसंच ठेवलं.

म्हणून ती पोरगी दोन्हीकडून एकटी. वसतिगृहात जातीमुळं, आणि आपल्यात ‘लढणारी माणसं’ या शब्दामुळं.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. सगळंच मनूच्या खात्यावर टाकता येत नाही. सवर्ण घरातली पोरंही स्वतःला इजा करतात. घरातली मारहाण, बालपणी झालेला अत्याचार, परीक्षेचं ओझं, मोडलेलं प्रेम, उदासीचा आजार, कारणं पुष्कळ असतात आणि एकात एक गुंतलेली असतात. जात त्यात काय करते? ती लाज वाढवते आणि मदतीचा रस्ता अडवते. कॉलेजच्या समुपदेशकाकडं जावं तर तो म्हणतो, ‘तू फार संवेदनशील आहेस.’ आपल्या नेत्याकडं जावं तर तो म्हणतो, ‘हा व्यवस्थेचा प्रश्न आहे.’ दोघंही अर्धं खरं बोलतात आणि पोरगी पूर्ण एकटी राहते. ताप आलेल्या माणसाला गटाराचं राजकारण सांगायचं असतंच, पण आधी औषध द्यायचं असतं. भाषण मागाहून, सोबत आधी.

२०२२ या एका वर्षात या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. रोहित वेमुला, हैदराबाद, जानेवारी २०१६. पायल तडवी, मुंबई, मे २०१९. त्या दोघांच्या आया २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, विद्यापीठांतला जातीभेद थांबवा म्हणून. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवर न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं. ती लढाई लढायचीच आहे. प्रत्येक विद्यापीठात समान संधी कक्ष हवा, हा अनुदान आयोगाचा २०१२ चा नियम आहे. तुमच्याकडं तो कक्ष कुठल्या खोलीत आहे, कुलूप कुणाकडं आहे, हे जाऊन विचारा. समुपदेशक नेमलाय का, त्याला जात नावाची गोष्ट ठाऊक आहे का, हेही विचारा.

पण एक विचारायचं राहून जातं. आपण पोस्टर फार चांगली काढतो. माणूस गेल्यावर रात्रीत हजार छापतो. तो जिवंत असताना त्याच्या खोलीवर चहा प्यायला किती जण गेलो होतो?

तर करायचं काय? चार गोष्टी, सोप्या.

दिसलं तर ओरडू नका, दटावू नका, शपथा घालायला लावू नका. चारचौघांत बाही वर करायला सांगू नका. बाजूला बसा आणि म्हणा, ‘मला दिसलं. मी आहे. बोलावंसं वाटलं तर बोल.’ ताजी जखम असेल तर दवाखान्यात न्या, आणि सोबत जा. पोलीस केसची भीती घालणारे भेटतील. त्यांना सांगा, मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा म्हणतो की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं धरायचं, त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून जुनं ३०९ कलमही गेलं. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरलाय.

सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्यानं डोक्यात कल्पना शिरते, हा गैरसमज आहे. विचारल्यानं दार उघडतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, आणि गुपित पाळू नका. भरवशाच्या मोठ्या माणसाला आणि डॉक्टरला सामील करा. ‘टेली-मानस’चा नंबर आहे १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. वसतिगृहाच्या प्रत्येक जिन्यात लिहून काढा. भिंती रंगवायला आपल्याला कुणी शिकवायला नको.

मानसोपचार म्हणजे वेडाचा शिक्का नव्हे. बिरादरी काय म्हणेल याची फिकीर आपण मंदिरप्रवेशात केली नाही, ती दवाखान्याच्या पायरीवर का करता?

आणि चौथी. आपल्या बैठकीत आजपासून कुणाच्या रंगावर, नाकावर, जाडीवर, उंचीवर विनोद होणार नाही. झाला तर तिथंच थांबवायचा, जातीवाचक शिवी थांबवतो तसा. मेळाव्याच्या फॉर्मवरचा रंगाचा रकाना खोडायचा. आमच्या अंकाच्या कचेरीपासून सुरुवात केली आहे. पहिल्याच आठवड्यात तिघांना थांबवावं लागलं. त्यातला एक आम्हीच.

ती आता आठवड्यातून एकदा सरकारी दवाखान्यात जाते. आमच्यातलं कुणीतरी सोबत जातं, बाहेरच्या बाकावर बसतं. कधी चांगला आठवडा जातो, कधी वाईट. वाईट गेला तर ती सांगते. हेच मोठं आहे. ‘नाटक’ म्हणणारा पोरगाही दोनदा जाऊन त्या बाकावर बसला. दुसऱ्या वेळी त्यानं आपल्याबद्दलही थोडं सांगितलं. आम्ही विचारलं नाही, त्यानंच सांगितलं.

हे पान वाचताना ज्यानं नकळत बाही खाली ओढली असेल, त्याला शेवटचं. दोस्ता, तुझ्या शरीरात चूक नाही. चूक त्या नजरेत आहे जी तुझ्यात उसनी शिरली आहे. ती नजर तू आणली नाहीस, म्हणून तिची सजा तू भोगायची नाहीस. आम्हाला तुझा हुतात्मा नको, तुझ्या नावाचं पोस्टर नको. पुढच्या अभ्यासवर्गाला तू पाहिजेस. बाही खाली असली तरी चालेल. बाजूची जागा राखून ठेवतो.

जयभीम.